चौथीतल्या लेकीचं जीपीएस घड्याळ : घ्यावं का?

आधी व्यवहाराचं सांगते. मुलांचं सिमवालं फोर-जी जीपीएस घड्याळ, कॅमेऱ्यासकट, जळगावला गोलाणी मार्केटमधून साडेचार हजारांना घेतलं. दुकानदाराने पाच सांगितले होते. पण मी एसटीत कंडक्टर आहे, दिवसभर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालते, मला घासाघीस कोणी शिकवायची गरज नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण तेच घड्याळ त्याच दुकानात तीन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत होतं आणि तिन्हींना मोबाइलवर ॲप एकच लागत होतं. तुम्ही धुळ्याला घ्या नाही तर ऑनलाइन मागवा, बहुतेक हेच हातात पडेल.

आम्ही अमळनेरचे. मिस्टर सुरतला कापडाच्या कारखान्यात, सणावाराला येतात. घरी सासूबाई. लेक चौथीत, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, जाणं-येणं व्हॅनने. माझी ड्युटी कधी चोपडा, कधी धुळे, कधी पारोळा. सकाळची पहिली गाडी असली की लेक अंथरुणात असतानाच मी खाकी चढवून बाहेर पडते. ती शाळेत गेली का, घरी आली का, हे दोन प्रश्न तिकिटं फाडता फाडता डोक्यात चालूच असतात. (फाडता आता म्हणायचं फक्त, मशीनमधून निघतात.) त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं. चार-चार वर्षांच्या पोरींवर अत्याचार, आणि तेही शाळेच्या आत. त्या आठवड्यात आमच्या गाडीत बायका दुसरं काही बोलतच नव्हत्या. घड्याळाच्या दुकानदारानेही सांगितलं, 'ताई, तेव्हापासून हा माल टिकत नाही.' यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मीही घेतलं.

आता घड्याळ. सिम वेगळं घ्यावं लागतं आणि महिन्याला दोनशेच्या आसपास रिचार्ज, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. वर्षाचा हिशोब केलात तर घड्याळाच्या किमतीची अर्धी रक्कम सिमच खातं. दीड-दोन हजारांत मिळतात ती घड्याळं बघूच नका. बरीचशी टू-जी असतात, त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नेटवर्कच नाही. दुसऱ्या कंपनीचं घातलं तरी खेड्यापाड्यात रेंजचे हाल.

सेटिंग करताना पुण्याचा भाचा फोनवर होता म्हणून निभावलं. त्याने पहिली गोष्ट करायला लावली ती पासवर्ड बदलायची. अशा कितीतरी यंत्रांना कारखान्यातून येतानाच १२३४५६ हा पासवर्ड दिलेला असतो आणि लोक तोच ठेवतात. २०१९ मध्ये अँटिव्हायरस बनवणाऱ्या अवास्ट कंपनीच्या लोकांनी असे मुलांचे ट्रॅकर तपासले, तर सुमारे सहा लाख यंत्रं याच पासवर्डवर उघडी सापडली. म्हणजे माझी लेक कुठे आहे ते मला दिसतं, तसं ते तिऱ्हाइतालाही दिसू शकतं. घड्याळ घेणाऱ्या पंधरा आयांपैकी एकीने तरी हे केलंय का, मला शंकाच आहे. दुसरी गोष्ट, ज्यांचे नंबर आपण यादीत टाकू त्यांचेच फोन घड्याळावर येतील असं बटण असतं. ते मुळात बंद असतं, आपण चालू करायचं.

ठिकाण दाखवण्याबद्दल. उघड्यावर घड्याळ बरोबर दाखवतं. व्हॅन कुठल्या गल्लीत आहे इथपर्यंत कळतं. पण शाळेचे वर्ग स्लॅबचे, तिथे उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, मग ते मोबाइल टॉवरवरून अंदाज काढतं. आणि अंदाज म्हणजे काय अंदाज! लेक गणिताच्या तासाला बसलेली आणि ॲपमधला ठिपका बोरी नदीच्या पलीकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चोपड्याची गाडी भरलेली होती, उभे प्रवासीच वीस-पंचवीस, त्यात एक आजोबा 'बाई, मना पंच्याहत्तर व्हयनात, आधार कार्ड घर राही गयं' म्हणून वाद घालताहेत, आणि माझं लक्ष त्या ठिपक्यावर. शाळेत फोन लावला, बाई म्हणाल्या समोरच बसलीये. पुढे कळलं की हे रोजचंच. शाळेभोवती एक गोल आखून ठेवायचा, पोर गोलाबाहेर गेली की सूचना येते, असं ते काम चालतं. पण ठिपकाच उड्या मारतो म्हटल्यावर सूचना दुपारभर येत राहतात. प्रवाशांनी उगाच घंटी वाजवली की ड्रायव्हर गाडी थांबवायचं सोडून देतो, तसं माझं झालं. आता दुपारी बारा ते चार त्या सूचना मी बंदच ठेवते.

दर दहा मिनिटांनी ठिपका सरकतो. एका मिनिटावर लावता येतो, पण मग बॅटरी दुपारीच मान टाकते. आणि नेमकी गरज असते संध्याकाळी. मी दहावरच ठेवलाय. दहा मिनिटांत व्हॅन निम्मं गाव पालथं घालते, तेव्हा 'लाइव्ह ट्रॅकिंग' हे खोक्यावरचे शब्द खोक्यावरच राहू द्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण ही घड्याळं खानदेश डोळ्यासमोर ठेवून कोणी बनवलेली नाहीत. सकाळची शाळा अकरा-साडेअकराला सुटते तेव्हा एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. रबरी पट्ट्याखाली घाम साचतो, पुरळ उठतं. शेजारणीच्या मुलाचं गेल्या उन्हाळ्यात असंच झालं, मनगटाला लाल कडं. मी आत्तापासूनच कापडी पट्टा शोधून ठेवलाय, दीडशेला मिळतो. चार्जर चुंबकाचा आहे, घड्याळाच्या पाठीला चिकटतो, आणि तो हरवला की दुसरा कुठलाच बसत नाही. आमचा हरवला. नवा यायला इतका वेळ लागला की तोवर घड्याळ पालथं पडलेलं बघून सासूबाई म्हणाल्या, 'हाई घड्याळ ते मेलं, आते पोरनं काय?'

सासूबाईंचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. रोज साडेपाचला त्या ओट्यावर बसतात, व्हॅन आली की पोर घरात घेतात. मी घरी आल्या आल्या मोबाइल काढला की म्हणणार, 'पोर घर उनी का नही ते माले ईचार, त्या घड्याळले काय ईचारस?'

शाळेचं म्हणणं निराळं. मुख्याध्यापक म्हणाले, वर्गात फोन चालत नाही तर फोन करणारं घड्याळ कसं चालेल? मुलं तासाला त्यात फोटो काढतात, गेम खेळतात. त्यांचं चुकीचं नाही. घड्याळात 'शाळेची वेळ' म्हणून सोय आहे, ती लावली की फक्त वेळ दिसते, बाकी सगळं बंद, संकटात दाबायचं एसओएसचं बटण तेवढं चालू. हे मी त्यांना दाखवलं. (सगळ्या घड्याळांत त्या वेळेत एसओएस चालतंच असं नाही, दुकानातच दाबून बघा.) ते थोडे नरमले, पण शेवटी ठरलं की घड्याळ दप्तरात ठेवायचं, हातात नाही.

आणि इथेच सगळी गंमत आहे. घड्याळ दप्तरात म्हणजे मला दिसतो तो ठिपका दप्तराचा.

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली होती. लेक नाचात. शाळा सुटली, तिची मैत्रीण दोघींची दप्तरं घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसली, ही थांबली हॉलमध्ये तालमीला. व्हॅनवाल्याला वाटलं ही शेजारच्या मुलीच्या वडिलांबरोबर जाणार. त्याने दप्तर आमच्या ओट्यावर ठेवलं आणि पुढे गेला. मी त्या वेळी तापीच्या पुलाजवळ, ॲपमध्ये ठिपका घरावर, खाली हिरव्या अक्षरांत 'घरी पोहोचली'. मी निवांत. तेवढ्यात सासूबाईंचा फोन : पोर नाही, नुसतं दप्तर आलंय. पुढची पंधरा-वीस मिनिटं कशी गेली ते लिहीत बसत नाही. शाळेचा फोन कोणी उचलेना, शिपाईदादाचा नंबर दुसऱ्या पालकाकडून मिळाला, तो हॉलमध्ये जाऊन बघून आला. लेक अहिराणी गाण्यावर कमरेला पदर खोचून नाचत होती, आईला घाम फुटलाय याची तिला खबर नव्हती.

मी घड्याळाला दोष देत नाही. त्याने दप्तर चोख पोचवलं. पण माझ्या धंद्यातला पहिला नियम असा की गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची. थांब्यावर पाणी प्यायला उतरलेला एक प्रवासी राहिला तरी डबल बेल मारायची नाही. त्या व्हॅनमध्ये डोकी मोजणारं माणूसच नव्हतं. एक ड्रायव्हर, तोच गाडी चालवणार, तोच दार उघडणार, तोच दप्तरं उतरवणार.

मग मी जरा खोलात गेले. राज्यात शाळेच्या वाहनांसाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. गाडीत मुलींसाठी महिला मदतनीस हवी, मुलांची यादी हवी, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं, वेगाला आवर घालणारं यंत्र हवं. आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, त्यात पालकांचा माणूस, वाहतूक पोलिस, आरटीओचा निरीक्षक. व्हॅनचा एमएच १९ नंबर मी सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये टाकला. फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, गाडी किती जुनी, सगळं फुकट दिसतं. हे ॲप घड्याळाआधी डाउनलोड करा. साडेचार हजारांच्या ॲपने जे सांगितलं नाही ते याने दोन मिनिटांत सांगितलं : आमच्या व्हॅनचा फिटनेस संपलेला होता.

पालकसभेत विषय काढला तर निम्म्या पालकांचा सूर असा की व्हॅनवाल्या नानांना कशाला त्रास, माणूस चांगला आहे, फी वाढवतील. माणूस चांगलाच आहे. पोरांना वाढदिवसाला पेपरमिंट वाटतो. पण गाडीत किती मुलं बसवायची याचा हिशोब चांगुलपणावर चालत नाही. एका पालकाने मला सुनावलं, 'ताई, तुमची एसटी तरी कुठे मोजून भरता?' त्यावर मी बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. शेवटी दर मुलामागे शंभर-दीडशे जास्त द्यायचे आणि एक मदतनीस बाई ठेवायची, असं ठरलं. त्याच व्हॅनमध्ये येणाऱ्या एका मुलाची आईच तयार झाली. ती वही घेऊन बसते, चढताना टिक, उतरताना टिक. नानांनी फिटनेसही करून आणला. महिन्याला सिमच्या रिचार्जपेक्षा कमी पैशांत हे झालं, ते आपलं सांगून ठेवते.

आता बदलापूरबद्दल, कारण घड्याळ घ्यायला निघालेल्या प्रत्येकीच्या मनात तेच असतं. नीट विचार करा. त्या मुलींच्या हातात घड्याळ असतं तर ठिपका कुठे दिसला असता? शाळेत. जिथे असायला हवा तिथेच. आखलेला गोलही मोडला नसता, सूचनाही आली नसती. सगळं हिरवं. दुकानदार हे सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही, कारण भीतीला काहीतरी हातात धरायला हवं असतं.

त्या प्रकरणात पालक तक्रार द्यायला गेले तर तासन्‌तास ताटकळत बसवलं होतं, लोक रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितलं, कर्मचाऱ्यांची पडताळणी करायला सांगितलं, तक्रारपेटी बसवायला सांगितलं. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तर २०२२ पासूनच प्रत्येक शाळेत असायला हवी होती. तेव्हा शाळेत जाऊन घड्याळ चालेल का हे विचारताना जोडीने हेही विचारा : लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कोण असतं, बाई की पुरुष? कॅमेरे आहेत, पण रेकॉर्डिंग बघतं कोण? समितीत कोण कोण आहे, त्यांचे नंबर भिंतीवर आहेत का? आमच्या शाळेत तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दारातच लावलेली होती. कुठलं पोर तिथे चिठ्ठी टाकायला जाईल? सांगितल्यावर पाण्याच्या टाकीजवळ हलवली. आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यात असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेची बदनामी होईल' म्हणून दाबणं हा गुन्हा आहे, मग तो मुख्याध्यापक असो की संस्थाचालक. लेकीकडून मी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून घेतलाय. घड्याळाशिवायही तो कुठल्याही फोनवरून लागतो.

घड्याळात एक सोय अशी आहे की जिच्याबद्दल मी दुकानदाराशीही भांडले. ॲपमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की घड्याळ न वाजता, न उजळता आपल्या फोनला जोडलं जातं आणि तिकडे काय बोलणं चाललंय ते ऐकू येतं. दुकानदार हे मोठ्या कौतुकाने दाखवत होता, 'बाई पोरांना ओरडतात का तेही कळेल.' मग बाकीच्या चाळीस पोरांचं बोलणं मी कुठल्या हक्काने ऐकायचं? जर्मनीने २०१७ मध्ये अशा ऐकणाऱ्या घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली, पालकांना ती नष्ट करा म्हणून सांगितलं. आपल्याकडे तीच सोय खोक्यावर जाहिरात म्हणून छापतात. मी ते बटण बंद केलं आणि लेकीलाही दाखवून ठेवलं, की असं असतं, आपलं बंद आहे.

एवढं सगळं बोलून घड्याळ मी टाकून दिलेलं नाही. व्हॅनमध्ये बसल्यावर आणि घरी आल्यावर ते तिच्या हातात असतं, आणि फोनसाठी ते खरंच कामाचं आहे. 'आई, नानांची गाडी अजून आली नाही' हा एक फोन सगळ्या ठिपक्यांपेक्षा मोलाचा. आवाज स्वच्छ येतो, आमच्या गाडीच्या खडखडाटातही कळतो. चौथीतल्या मुलीला मोबाइल द्यायचा नसेल तर हा मधला मार्ग बरा.

एसओएसच्या नंबरांबाबत मात्र ऐका. बटण दाबून धरलं की घड्याळ पहिल्या नंबरला लावतं, उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सगळे पहिला नंबर आईचा टाकतात, दुसरा वडिलांचा. आमच्याकडे आई चोपड्याच्या गाडीत, वडील सुरतला. उचलून करणार काय, रडणार? मी पहिला नंबर समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंचा टाकलाय, दुसरा मदतनीस बाईंचा, माझा तिसरा. जो पाच मिनिटांत धावत पोचेल त्याचा नंबर वर. मिस्टरांना याचा राग आला होता, सुरतहून फोन करून कुरकुरले. मी म्हटलं, या मग अमळनेरला राहायला.

आणखी एक. माझ्या गाडीत रोज खेड्यांवरच्या पोरी असतात, अहिल्यादेवी होळकर योजनेच्या फुकट पासवर शाळेला येणाऱ्या. पाचवी-सहावीतल्या, काही त्याहून मोठ्या. एकीच्याही हातात असलं घड्याळ नाही, साडेचार हजार म्हणजे घरातल्या महिन्याच्या किराण्याहून जास्त. त्यांची सगळी सुरक्षा गाडी वेळेवर येण्यात. मागे रस्त्यात केळीचा ट्रक आडवा झाला, गाड्या खोळंबल्या, आणि माझ्या पोरी फाट्यावर उतरल्या तेव्हा अंधार पडला होता. फाट्यावर दिवा नाही, गाव आत दीड किलोमीटर. ड्रायव्हरभाऊंनी गाडी उभी ठेवून हेडलाइट रस्त्यावर टाकले, एका पोरीचे वडील मोटारसायकलवर येईपर्यंत आम्ही हललो नाही. प्रवासी बोंबलले, बोंबलू दिले. त्या फाट्यावर दिवा बसावा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. पोरींच्याच सह्या घेतल्यात, अठराच्या आतल्या असल्या तरी.

तर घ्यायचं असेल तर : फोर-जी घ्या, सिमचा खर्च धरून चाला, शाळेला आधी विचारा, पासवर्ड बदला, ऐकायचं बटण बंद ठेवा, दुसरा चार्जर त्याच दिवशी घ्या. मूल पहिली-दुसरीत असेल तर घेऊ नका, त्या वयात एसओएसचं बटण खेळणं होतं, शेजारणीच्या मुलाने भर दुपारी आजोबांना एसओएस लावून 'आइस्क्रीम आणा' सांगितलं होतं. आणि घरी कोणी ओट्यावर बसणारं माणूस असेल, व्हॅनमध्ये वहीत टिक करणारी बाई असेल, तर ते साडेचार हजार दुसऱ्या कशाला तरी वापरा.

पाचपैकी तीन तारे. एक कापला त्या चुंबकाच्या चार्जरसाठी आणि 'लाइव्ह' म्हणून थापा मारल्याबद्दल, दुसरा त्या ऐकणाऱ्या बटणासाठी. सासूबाईंना विचारलं किती द्यायचे, तर म्हणाल्या, 'माले नको ईचारू, मी फुकटमा करस.'